सिस्टर, तुम्ही घेतली का?

पुणे महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करताना माझा बहुतेक वेळ लहान मुलांच्या लशींत गेला. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. तिथे आया फारसं विचारत नसत. ताप येईल का, आला तर कोणती गोळी किती द्यायची, इतकंच. २०१० साली स्वाइन फ्लूची लस आली तेव्हा मात्र बाकावर बसलेली जवळजवळ प्रत्येक बाई आधी एकच गोष्ट विचारायची, "सिस्टर, तुम्ही घेतली का?"

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की या भागात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं विचारला जातोय.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लशीच्या मागे लागले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग ते उष्णता देऊन मारायचे, अशी ती लस. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे त्यांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढायचे. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून त्यांनी बकऱ्याचं मांस वापरलं. टोचून घेणारा माणूस काय विचारेल, याचा विचार त्यांनी बाटली भरण्याआधी केला होता. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो इथून. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, सुईची जागा दुखली, पण ते काम करत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली गेली.

पुण्यात त्याच सुमारास काय चाललं होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला, प्लेग कमिशनर रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, सामान रस्त्यावर आलं, माणसं छावण्यांत नेली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. साथ तीच, शहर तेच. एक माणूस दार तोडून आत येतो आणि एक बाई आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेते. लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा होता?

ज्या सरकारच्या शिपायाने कालच चूल विटाळली, त्याच सरकारची सुई आज दंडात घ्यायची होती. टोचण्याची सक्ती नव्हती, पण टोचल्याचा दाखला ज्याच्याजवळ असेल त्याला विलगीकरणातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सवलत मिळू लागली. म्हणजे कित्येकांच्या लेखी लस ही छावणी चुकवण्याची वाट झाली. याला मी मोकळेपणाने घेतलेला निर्णय म्हणणार नाही. मुंबईत मात्र इस्माइली खोजांचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर उघडपणे, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा टोचून घेतलं, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली जागाही दिली. त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने पुढे आले. ऑगस्ट १८९९मध्ये ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

मग मुल्कोवाल घडलं. लस घ्यावी की नाही यावर बोलणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पंजाबातल्या या गावात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पुढे कागदपत्रं नीट तपासली गेली तेव्हा वेगळंच दिसलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुडवून, त्यानेच बूच ओढलं गेलं. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष ठरले. आयुष्याची पाच वर्षं गेली ती गेलीच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. माझ्या हाताखाली आलेल्या शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी मी हेच सांगत आले होते, की खाली पडलेला चिमटा पुन्हा उकळल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. त्यामागे मुल्कोवालचं गाव आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लशीच्या बाटलीत काय आहे याइतकंच ती कोणाच्या हातात आहे हेही महत्त्वाचं असतं, आणि लोकांना ते आमच्याही आधी कळलेलं असतं.

१९१८च्या फ्लूच्या साथीत हा प्रश्न आपल्याकडे फारसा उभा राहिलाच नाही. जूनमध्ये मुंबईच्या गोदीजवळचे पोलीस शिपाई तापाने पडले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती मुलूख झोपवून गेली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. वर पावसाने दगा दिलेला. लोक त्या तापाला मानमोडी म्हणत. माझी आजी सातारा जिल्ह्यातली, तेव्हा परकर-पोलक्यातली मुलगी. ती सांगायची की सरपण पुरत नव्हतं आणि खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. जगभर प्रयोगशाळांनी घाईघाईने लशी काढल्या होत्या, पण त्या जिवाणूंवरच्या होत्या. फ्लू विषाणूमुळे होतो हे माणसांपुरतं सिद्ध झालं १९३३ साली. आजीला कोणी लस देऊ केली असती तरी ती उपयोगाची नव्हती.

२००९ साली मात्र सगळंच वेगळं होतं. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात स्वाइन फ्लूचा नवा विषाणू सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू आमच्या पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्या आठवड्यात शहर बदललं. शाळा, सिनेमागृहं, मॉल बंद. मास्क मिळेनात, म्हणून तोंडाला रुमाल, ओढण्या, पदर. रुमालावर निलगिरीचे थेंब, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. नायडू हॉस्पिटलपुढे रांगा, आणि घशातल्या स्रावाचे नमुने तपासायला आंबेडकर रस्त्यावरच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. १८९७चाच साथरोग कायदा पुन्हा बाहेर निघाला. या वेळी त्याचा उपयोग शहरभरच्या दवाखान्यांत तपासणी केंद्रं उघडण्यासाठी झाला. कोणाचं दार तोडलं गेलं नाही. लोक आपल्या पायांनी आले. कायदा तोच असूनही एवढा फरक पडू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या ऑगस्टमध्ये लस असती तर पुणेकरांनी रात्रभर रांग लावली असती. ती आली पुढच्या वर्षी, भीती ओसरल्यावर.

आधी परदेशातून आणलेली इंजेक्शनची लस आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आली. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत त्यावरच चर्चा. एक सहकारी म्हणाली, "अख्खी साथ खोकणाऱ्यांसमोर बसून काढली, काही झालं नाही. आता कशाला?" दुसरीने कुठूनसं ऐकलं होतं की अमेरिकेत अशाच लशीने लोक लुळे पडले. आमचे वैद्यकीय अधिकारी डबा घेऊन तिथेच बसले होते. त्यांनी तिला गप्प केलं नाही. म्हणाले, खरं आहे. १९७६ साली फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर एक सैनिक गेला, सरकार घाबरलं, चार कोटींवर लोकांना टोचलं. लाखात एकाच्या आसपास लोकांना गियाँ-बारे नावाचा नसांचा आजार झाला आणि साथ आलीच नाही. डिसेंबरात मोहीम थांबवली. मग ते म्हणाले, "नंतरच्या फ्लूच्या लशींत हे प्रमाण दहा लाखांत एखाद-दुसरं एवढंच दिसलंय. आणि या वेळी साथ आलेली आहे. नायडूत गरोदर बायका कशा गेल्या ते तुम्ही पाहिलंत." डबा बंद करून त्यांनी बाही वर केली आणि पहिलं इंजेक्शन मलाच द्यायला लावलं.

मी त्या दिवशी घेतली. माझ्या यजमानांना मधुमेह, घरात सासूबाई ऐंशीच्या घरात. माझ्या अंगाखांद्यावरून ताप घरी जायला नको, हा माझा हिशेब. शिवाय ही लस बनवण्याची पद्धत नवी नव्हती. दरवर्षीच्या फ्लूच्या लशीसारखीच ती कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेली, फक्त आतला विषाणू नवा. दंड दुखला, रात्री अंग कसकसलं. माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनी घेतली असं नाही. देशभरातही कितीतरी डॉक्टर-परिचारिकांनी ती नाकारली.

जुलै २०१०मध्ये आमच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. आमच्या सोसायटीने शिबिर घेतलं आणि मी डॉक्टरांच्या मदतीला बसले. कुपीत पांढरी पूड, त्यात सोबतचं पाणी सोडायचं, हलकेच फिरवायचं, सिरिंजला सुईऐवजी फवाऱ्याचं टोक बसवायचं. अर्धा मिलिलिटर एकूण, प्रत्येक नाकपुडीत निम्मं. सुई नाही म्हणून मुलं खूश. मोठी माणसंच अडायची. आमची भाजीवाली टोपली खाली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "जिता जंतू नाकात सोडणार व्हय? आन् तुमी घेतली का?"

मी सांगितलं, मी इंजेक्शनची घेतली आहे, दंड दाखवू का? आणि जंतू जिवंत आहे हे खरं, पण तो पांगळा केलेला आहे. मूळ वाण रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेतलं. ते नाकाच्या गारव्यात वाढतं, फुप्फुसाच्या उबेत त्याला वाढता येत नाही. तुमच्या नातवाला पोलिओचे थेंब पाजता ना, तोही असाच जिवंत, दुबळा केलेला. ती विचार करून म्हणाली, "मंग आधी सुनंला इचारते." सून गरोदर निघाली. गरोदर बाईला ही नाकातली लस द्यायची नसते, तिला इंजेक्शनची चालते. त्या बाईने प्रश्न विचारला म्हणून हे कळलं. प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजणाऱ्या आरोग्यसेवकाचा मला फार राग येतो, तो अशासाठी.

१० ऑगस्ट २०१०ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रांतून बातम्या गेल्या, रुमाल खिशात गेले. सरकारी नोंदी मात्र वेगळं सांगतात. २००९मध्ये देशात या तापाने ९८१ माणसं गेली. २०१०मध्ये १,७६३. ज्या वर्षी लस हाताशी होती आणि कोणी घाबरलेलं नव्हतं, त्या वर्षी जवळपास दुप्पट माणसं मेली. २०१५मध्ये तोच विषाणू परत आला आणि तीन हजारांच्या आसपास बळी घेऊन गेला.

आता तो नवा राहिलेला नाही. दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत तो असतो आणि रूप बदलेल तसा त्याचा वाणही बदलला जातो. कोणते वाण घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटनेत वर्षातून दोनदा ठरतं. आपल्या महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून लस त्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, कारण अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात गरोदर लेक-सून असेल, मधुमेही, दमेकरी किंवा साठी उलटलेलं माणूस असेल, तर पहिला पाऊस पडायची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारा की ही यंदाची आहे का, इंजेक्शनची आहे की नाकातली, शीतपेटीतून आली आहे का. आणि समोरच्या सिस्टरलाही जरूर विचारा, तुम्ही घेतली का.