बेचिराख : खानदेशातील विझलेले दिवे

‘बेचिराख’ हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे राख येते. वास्तविक मूळ शब्द फारसी ‘बेचिराग’. जुन्या महसुली कागदांत ज्या गावी वस्ती उरली नाही, दिवा लावायला कोणी राहिले नाही, ते गाव बेचिराग. जळण्यास एक रात्र पुरते; दिवे विझण्यास मात्र वर्षे लागतात. एकोणिसाव्या शतकारंभीच्या खानदेशाचा इतिहास वाचताना हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. पाठोपाठ दुष्काळ आला, आणि मग पेंढाऱ्यांच्या धाडी, गढ्या बळकावून बसलेले अरब शिबंदीवाले व डोंगरांतून उतरणाऱ्या भिल्लांच्या टोळ्या. पण प्रदेश खंगला तो केवळ लुटीमुळे नव्हे. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधारे आणि त्यांवर चालणारी फड पद्धत हा इथल्या शेतीचा कणा होता. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी वाटायचे, पाटांची दुरुस्ती मिळून करायची. अशी व्यवस्था माणसे उद्याही इथेच असतील, या भरवशावर उभी असते. निम्मे गाव परागंदा झाले की उरलेल्यांना पाट राखणे अशक्य होते. मग जमीन पडीक, वसूल कमी, शिबंदीचा पगार थकलेला. आणि पगार थकलेला शिपाई पुन्हा लुटारू. हे दुष्टचक्र होते.

यात भिल्लांची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. गावांची व घाटांची राखण हा त्यांच्यातील अनेकांचा परंपरागत हक्क होता. हक्काचे उत्पन्न बुडाले, तेव्हा राखणदारच धाड घालू लागला. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यातील अरबांना इंग्रजांनी वेढा घालून नमविले. भिल्लांच्या बाबतीत मात्र नुसत्या मोहिमा पुरेशा ठरल्या नाहीत. १८२५ मध्ये जेम्स औट्रॅम याने भिल्लांचीच पलटण उभारली. पगार, माफी आणि शेतीसाठी मदत मिळताच राखणदार पुन्हा राखणीस उभा राहिला.

या शांततेचे श्रेय इंग्रजी ग्रंथकार सुधारणेच्या खाती जमा करतात. ते सर्वस्वी खोटे नाही. तथापि १८५७ मध्ये सेंधवा घाटाचा राखणदार खाज्या नाईक बंड करून उठला आणि १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. पुढे १८७८ च्या वनकायद्याने जंगलावरील वहिवाट आवळली. रस्ते निर्धोक झाले. पण ते कोणासाठी, हा प्रश्न डोंगरात तसाच राहिला.

प्रदेशाचा विकास मोजताना आपण रस्ते, धरणे, वसूल मोजतो. बेचिराग हा शब्द लिहिणाऱ्या अनाम कारकुनाचे माप निराळे होते : संध्याकाळी किती घरांत दिवा लागतो? त्या मापात डोंगरातली घरेही धरली, तरच ते माप पुरे होईल.