खापर (स्वयंपाकाचे भांडे)

खापर हे चुलीवर पालथे ठेवून पोळी भाजण्यासाठी वापरले जाणारे मातीचे मोठे, घुमटाकार भांडे आहे. महाराष्ट्रातील खानदेशात, म्हणजे मुख्यत्वे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, पुरणाचे मांडे अथवा खापरावरची पुरणपोळी करण्यासाठी त्याचा वापर होतो. हा स्वयंपाक बहुधा अंगणात किंवा परसात मांडलेल्या चुलीवर केला जातो.

व्युत्पत्ती
'खापर' हा शब्द संस्कृत 'कर्पर' किंवा 'खर्पर' (भांडे, भांड्याचा तुकडा) या शब्दाशी संबंधित आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मंडक' या गव्हाच्या पदार्थाचा उल्लेख आढळतो. मराठीतील 'मांडा' हा शब्द त्याच्याशी निगडित आहे.

रचना आणि कार्य
खापराचे तोंड चुलीवर येते आणि फुगीर बूड वर राहते. जाळ आतल्या पोकळीत कोंडल्यामुळे संपूर्ण पृष्ठभाग तापतो. माती उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते; त्यामुळे पातळ पोळी एका जागी करपण्याचा संभव कमी होतो. फुगीर आकारामुळे मोठी पोळी सुरकुती न पडता पसरते. सपाट तव्यावर मात्र एवढी पोळी काठाबाहेर लोंबते. तापलेल्या खापरावर एकाएकी गार पाणी पडल्यास ते तडकू शकते.

मांडे करण्याची पद्धत
गव्हाचे बारीक पीठ मीठ घालून सैल भिजवतात व ते ताणले जाईपर्यंत पुष्कळ मळतात. मळण्याने गव्हातील ग्लूटेनची जाळी बळकट होते. पोळीचे ताणले जाणे तिच्यावरच अवलंबून असते. हरभऱ्याची डाळ व गूळ यांचे पुरण उंड्यात भरून तो आधी थोडा लाटतात. त्यानंतर पोळपाट-लाटणे बाजूला ठेवून पोळी दोन्ही हातांवर फिरवत, तिच्या स्वतःच्या वजनाने वाढवत नेतात आणि अलगद खापरावर टाकतात. भाजलेल्या पोळीवर तूप सोडून तिची घडी घालतात. ती दूध, आमरस किंवा डाळीच्या कटापासून केलेल्या आमटीबरोबर वाढली जाते.

सामाजिक संदर्भ
हे काम सहसा एकटीने होत नाही. एक स्त्री उंडे भरते, दुसरी पोळी हातावर वाढवते, तिसरी जाळ सांभाळते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशातील आखाजीला, माहेरी आलेल्या लेकींसह हा स्वयंपाक होतो. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. हातावर पोळी वाढवण्याचे कौशल्य लिहिलेल्या कृतीपेक्षा वडीलधाऱ्या स्त्रियांच्या शेजारी बसूनच शिकले जाते.

आख्यायिका
संत ज्ञानेश्वरांच्या चरित्रकथांमध्ये मांडे आणि खापर यांना विशेष स्थान आहे. निवृत्तीनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली, तेव्हा मुक्ताबाई खापर आणण्यास निघाल्या. परंतु विसोबा चाटी यांनी कुंभारांना ते देण्यास मनाई केली. अखेर ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने तापवलेल्या आपल्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजले, अशी कथा सांगितली जाते. पुढे विसोबांना पश्चात्ताप झाला. ते विसोबा खेचर म्हणून ओळखले गेले व नामदेवांचे गुरू झाले. बहिष्कृत भावंडांना साधे मातीचे भांडेही नाकारले जाते, हा या कथेतील संघर्षाचा गाभा आहे.

तत्सम साधने
उलट्या कढईवर भाजली जाणारी रुमाली रोटी आणि लेबनॉन परिसरातील 'साज' हा धातूचा फुगीर तवा यांमागे हेच तत्त्व आहे. बेळगाव भागातही मांडे प्रसिद्ध आहेत. तेथे त्यांत साखरेचे सारण भरण्याची पद्धत आहे.

सद्यस्थिती
गॅस शेगडी व छोट्या घरांमुळे रोजच्या जीवनातून खापर मागे पडले असून काही ठिकाणी धातूचे खापर वापरले जाते. सणसमारंभांत तसेच महिला बचत गटांच्या खाद्यप्रदर्शनांत हे मांडे अद्याप केले जातात. त्यामुळे घरातील स्त्रियांचे हे कौशल्य काहींसाठी उत्पन्नाचे साधनही ठरले आहे.