प्रतिनिधींना आदेश देण्याचा हक्क : १७८९ मधील एक फेटाळलेली सूचना

अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत काय समाविष्ट झाले याची चर्चा पुष्कळ होते. परंतु तिच्यातून काय वगळले गेले, हा प्रश्न लोकसहभाग व प्रातिनिधिक शासन यांचा संबंध समजून घेण्यास अधिक उद्बोधक आहे.

न्यू इंग्लंडमधील नगरसभा आपल्या प्रतिनिधींना विधिमंडळात पाठविताना लेखी आदेश देत असत. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेने हा हक्क स्पष्टपणे मान्य केला होता. (अर्थात येथील 'जनता' म्हणजे मुख्यतः मालमत्ताधारक श्वेतवर्णीय पुरुष.)

याच परंपरेच्या आधारे १५ ऑगस्ट १७८९ रोजी प्रतिनिधिगृहात साउथ कॅरोलिनाचे थॉमस ट्यूडर टकर यांनी सभा व अर्ज यांच्या हक्कांना प्रतिनिधींना आदेश देण्याच्या हक्काची जोड देण्याची सूचना मांडली. जनता सार्वभौम असेल तर तिला हा हक्क असलाच पाहिजे, असे एल्ब्रिज गेरी व जॉन पेज यांचे म्हणणे. उलट, आदेशाने बांधलेल्या सभासदांत विचारविनिमय कसा होणार, असा रॉजर शर्मन यांचा आक्षेप होता. मॅडिसन यांचा युक्तिवाद अधिक मूलगामी होता. मतप्रदर्शन एवढाच अर्थ असेल तर ते स्वातंत्र्य मसुद्यात आहेच. आदेश बंधनकारक मानायचे असतील तर एका मतदारसंघाचे रहिवासी म्हणजे समग्र जनता नव्हे. सूचना १० विरुद्ध ४१ मतांनी फेटाळली गेली.

प्रस्तुत लेखकाच्या मते या पराभवाचे कारण केवळ तत्त्वात नव्हते. नगरसभा एका छताखाली भरत असे. घटनेने मात्र तीस हजार लोकसंख्येमागे एकाहून अधिक प्रतिनिधी नसावा असे ठरविले होते. एवढ्या मतदारसंघाने एकत्र बसून आदेश ठरवावा अशी सभाच अस्तित्वात नव्हती. हक्काच्या समर्थकांनी या अडचणीकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

अशी सभा उपलब्ध होती ती सिनेटसाठी. सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडीत, आणि ती आदेशही देत. परिणामी, लोकांपासून अधिक दूर असलेल्या सभागृहातच ही प्रथा दीर्घकाळ टिकली. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाचा आदेश पाळण्याऐवजी जॉन टायलर यांनी सिनेटचा राजीनामा दिला. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने सिनेटरांची निवड थेट मतदारांकडे सोपविली, आणि विधिमंडळांच्या आदेशांचा आधारच नाहीसा झाला.