लंडनहून मृतांसाठी सुटायची रोजची ट्रेन, आणि तिच्या शेवटच्या स्टेशनाजवळ आहे टाटांची समाधी

जमशेदजी टाटांचं निधन 1904 साली जर्मनीत झालं. मुंबईत पारशांसाठी डुंगरवाडी आहे, तिथे दख्मा आहे. युरोपात तशी सोय नव्हती. त्यामुळे त्यांचा दफनविधी लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत झाला, कारण तिथे 1862 पासून पारशांसाठी स्वतंत्र जागा राखलेली होती. पुढे रतनजी आणि दोराबजी ही त्यांची दोन्ही मुलंही तिथेच विसावली.

पण ही दफनभूमी शहरापासून 40 किलोमीटर लांब का?

कारण लंडनमध्ये जागाच उरली नव्हती. 1849 च्या कॉलऱ्यात शहरात 14 हजारांहून जास्त माणसं गेली. चर्चच्या आवारात जुन्या कबरी उकरून नव्या मृतांना जागा करावी लागत होती. मग 1852 मध्ये संसदेने कायदा करून लंडन नेक्रोपोलिस कंपनीला परवानगी दिली. कंपनीने वोकिंगजवळ दोन हजार एकरांहून जास्त माळरान विकत घेतलं आणि नोव्हेंबर 1854 मध्ये दफनभूमी सुरू झाली.

एवढ्या लांब मृतदेह न्यायचे कसे? तर रेल्वेने. वॉटर्लूजवळ कंपनीचं वेगळं स्टेशन होतं. नातेवाइकांना रिटर्न तिकीट आणि शवपेटीला अर्थातच सिंगल! त्यातही तीन वर्ग होते. पेटीचं भाडं पहिल्या वर्गाला 1 पौंड, तर तिसऱ्याला अडीच शिलिंग. म्हणजे शेवटच्या प्रवासातही खिसा बघूनच डबा मिळायचा. दफनभूमीच्या आत स्टेशनंही दोन होती, एक अँग्लिकन चर्चवाल्यांसाठी आणि दुसरं बाकीच्यांसाठी. एप्रिल 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ही सेवा कायमची थांबली.

ब्रिटनमधलं पहिलं दहनगृहही इथून जवळच, वोकिंगमध्ये उभं राहिलं. जमीन याच कंपनीकडून घेतलेली. आपल्याकडे दहन ही रोजची गोष्ट, पण तिथे त्यावरून मोठा वाद झाला. 1879 मध्ये भट्टीची चाचणी घोड्याचा मृतदेह जाळून घेतली, तेव्हा स्थानिक लोक भडकले आणि गृहमंत्र्यांनी कारवाईची तंबी दिली. भट्टी सहा वर्षं थंडच राहिली. कोंडी फुटली ती वेल्समध्ये. डॉ. विल्यम प्राइस यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा मृतदेह उघड्यावर दहन करायचा प्रयत्न केला, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. 1884 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन बेकायदेशीर नाही. मार्च 1885 मध्ये वोकिंगला पहिलं दहन झालं. फ्रेडरिक एंगेल्स यांचं दहनही 1895 मध्ये इथेच झालं.

ब्रुकवुड आजही ब्रिटनमधली सर्वांत मोठी दफनभूमी मानली जाते. 2014 पासून ती वोकिंगच्या स्थानिक नगरपरिषदेकडे आहे. वॉटर्लूहून ब्रुकवुडला नेहमीची लोकल जाते आणि स्टेशनबाहेर पडलं की दफनभूमी सुरू होते.