विहिरीतलं, नदीतलं की जमिनीवरचं? बुलढाण्यात सापडलेलं कासव ओळखायचं कसं

जूनमधला पहिला दणकून पाऊस झाला की बुलढाणा जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. शेताच्या धुऱ्यावर किंवा डांबरी रस्त्यावर एक कासव निघालेलं असतं, कुणीतरी ते उचलतं आणि जवळच्या धरणात सोडून देतं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. हेतू चांगलाच असतो, पण प्रत्येक कासव पाण्यातलं नसतं आणि पाण्यातल्या प्रत्येक कासवाला कुठलंही पाणी चालत नाही.

यात थोडा दोष भाषेचाही आहे. इंग्रजीत पाण्यातल्या कासवाला टर्टल आणि जमिनीवरच्याला टॉर्टॉइज म्हणतात. मराठीत समुद्रापासून माळरानापर्यंत सगळी ‘कासवंच’. जगात कासवांच्या साधारण साडेतीनशे प्रजाती आहेत. त्यातल्या फक्त सात समुद्रात राहतात, बाकीच्या नद्या, तळी, दलदल, जंगल आणि वाळवंटात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पाय. वल्ह्यासारखे चपटे पाय असतील तर ते समुद्रातलं. बोटांमध्ये पडदा असेल तर गोड्या पाण्यातलं. आणि हत्तीसारखे जाड, खांबासारखे पाय असतील तर ते जमिनीवरचं. असं कासव खोल पाण्यात सोडलं तर ते बुडून मरतं. त्याला पोहता येत नाही.

बुलढाण्यात सगळ्यात जास्त दिसतं ते कोणतं?

विहिरीत, शेततळ्यात, गावतलावात दिसणारं कासव बहुतेक वेळा ‘इंडियन फ्लॅपशेल’ असतं. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. त्याची पाठ टणक खवल्यांची नसते, वर गुळगुळीत कातडी असते. पोटाच्या मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा असतात. धोका वाटला की ते मागचे पाय आत ओढतं आणि झडपा बंद करतं. नाव त्यावरूनच पडलं. मोठं झालं तरी ते साधारण फूटभराच्या आतच राहतं.

हे कासव या जिल्ह्यात टिकलं याचं कारण त्याची चिवट सवय. एप्रिल-मे महिन्यात तळं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि हालचाल जवळपास थांबवून पावसाची वाट बघतं. पाऊस आला की बाहेर पडून नवं पाणी शोधायला निघतं. म्हणजे रस्त्यावर दिसलेलं कासव बहुतेक वेळा ‘हरवलेलं’ नसतं, ते आपल्या कामाला निघालेलं असतं. ज्या दिशेला तोंड आहे त्याच दिशेला रस्ता पार करून दिला तरी त्याचं काम होतं. बेडूक, मासे, गोगलगायी, पाणवनस्पती, मेलेले प्राणी, ते सगळं खातं. पाणी साफ ठेवणारा फुकटचा कामगारच म्हणा.

याच गुणामुळे विहिरीत मुद्दाम कासव सोडायची जुनी पद्धत आहे. कल्पना वाईट नाही, पण कासवाच्या बाजूने विचार केला तर चित्र वेगळं दिसतं. कासव पाण्यात राहत असलं तरी अंडी जमिनीतच घालतं. सरळ भिंतीच्या बांधीव विहिरीतून त्याला बाहेर येता येत नाही. म्हणजे तिथलं कासव वर्षानुवर्षं जगेल, पण त्याचा वंश वाढणार नाही. कठडा नसलेल्या विहिरीत स्वतःहून पडलेल्या कासवाचंही तेच होतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात आणखी एक अडचण असते: काठ घसरडा असल्यामुळे वर चढता येत नाही. काठावरून पाण्यापर्यंत एक जाड दोरखंडाची जाळी किंवा खडबडीत फळी सोडली तर कासवच काय, पडलेला सरडा-मुंगूसही वर येऊ शकतो.

घाटावर की घाटाखाली?

बुलढाण्याच्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केलेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडचं पाणी पूर्णेला, तिथून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतं. घाटावर चिखली, मेहकरकडचं पाणी पैनगंगेला आणि पुढे गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. (घाटावरही एक पूर्णा आहे. खडकपूर्णा धरण तिच्यावर आहे आणि तीसुद्धा गोदावरीलाच मिळते. नावामुळे गोंधळ उडतो खरा.)

एका जिल्ह्यात दोन वेगळ्या नद्यांची खोरी असणं ही कासवांसाठी मोठी गोष्ट आहे. फ्लॅपशेलला फरक पडत नाही, ते दोन्हीकडे राहतं. पण वाहत्या मोठ्या नदीतली कासवं अशी सगळीकडे नसतात. ‘लीथचं मऊ कवचाचं कासव’ फक्त भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांमध्ये सापडतं, त्यात गोदावरी आणि कृष्णेचं खोरं महत्त्वाचं. १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली ती पुण्यातल्या नमुन्यावरून. म्हणजे हे तसं मराठी मुलखातलं कासव. आज ते ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. कारणं ओळखीचीच: मांसासाठी शिकार, मासेमारीची जाळी, वाळूउपसा. नदीकाठची वाळू गेली की अंडी घालायची जागाच जाते.

म्हणूनच घाटाखाली सापडलेलं कासव गाडीत घालून घाटावर सोडू नये. लोणार सरोवर तर या यादीतून कायमचं वगळावं. ते पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. शिवाय ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तिथे बाहेरचा प्राणी सोडणं हे पुण्य नाही.

पाठीवर चांदण्या असलेलं

काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. हे कोरड्या माळरानावरचं, गवत खाणारं. त्याचा मूळ प्रदेश गुजरात-राजस्थानचा पट्टा, दक्षिण भारत आणि श्रीलंका. बुलढाण्यात ते कुणाच्या घरात दिसलं तर बहुधा बेकायदा खरेदीतून आलेलं असतं. ‘लकी’ आणि वास्तूला चांगलं म्हणून त्याची तस्करी इतकी वाढली की २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक निर्बंध आले.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू मात्र ॲक्वेरियमच्या दुकानातलं, मूळचं अमेरिकेचं. त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. घेताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. काही वर्षांत ताटाएवढं होतं, टाकी पुरत नाही आणि मग लोक ते तलावात सोडतात. तिथे ते देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वात त्रासदायक १०० घुसखोर प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

वीस नखांची भानगड

‘वीस नखी कासव’ आणि ‘पैशांचा पाऊस’ या जोडीने महाराष्ट्रात अनेकांना फसवलं आहे आणि अनेक कासवांचा जीव घेतला आहे. हिशेब साधा आहे. फ्लॅपशेलच्या प्रत्येक पायाला तीन नखं, म्हणजे एकूण १२. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार, म्हणजे १८. आपल्याकडच्या बाकीच्या टणक पाठीच्या कासवांचाही आकडा साधारण हाच. वीसचा आकडा विकणाऱ्याच्या डोक्यात असतो.

देवळात नंदीसमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण आत जातो. त्याच श्रद्धेने जिवंत कासवाच्या पाठीवर रंग लावणं किंवा भोक पाडून दोरी बांधणं मात्र क्रूर आहे. कवच म्हणजे शंखासारखं वेगळं घर नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा जुळून ते बनलेलं असतं आणि त्याला स्पर्शही कळतो.

कायदाही स्पष्ट आहे. फ्लॅपशेल आणि स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार किंवा विक्री केल्यास तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. घरात ठेवणंही गुन्हाच.

सापडलं तर?

कासव जखमी नसेल आणि आपल्या वाटेने चाललं असेल तर जाऊ द्या. जखमी असेल, विहिरीत अडकलं असेल किंवा कुणी विकत असेल तर वनविभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइनला फोन करा. तोपर्यंत त्याला बादलीभर पाण्यात बुडवून ठेवू नका. हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात ओलसर कापड अंथरून सावलीत ठेवलं तर पुरे. दूध-पोळी भरवू नका. आणि व्हिडिओ टाकायचाच असेल तर जागेचं नाव लिहू नका, कारण तस्करही तेच ग्रुप बघतात.