धुळाक्षरे

माझा धाकटा साडेतीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बालवाडीतून त्याची वही घरी आली. वरच्या ओळीत ठिपक्याठिपक्यांनी काढलेला ‘अ’, आणि खालच्या सगळ्या ओळी त्याने भरून न्यायच्या. मी पेशाने मास्तरीण. जगाच्या मुलांना शिकवायचे आणि आपल्या घरची वही कोरी जायची, ही लाज मला सोसेना. मी त्याची मूठ माझ्या मुठीत धरली आणि ओळी भरून काढल्या. असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी पेन्सिल दिसताच पोराने दोन्ही हात पाठीमागे लपवले. रडला नाही, हट्ट केला नाही. नुसते हात लपवले.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, त्याला अजून शर्टाचं बटण चिमटीत धरता येत नाही. तो पेन्सिल काय धरणार?” मग उठून त्यांनी एका ताटात मूठभर रवा पसरला, ते त्याच्यापुढे सरकवले आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. थोड्या वेळाने लपलेल्या हातांतला एक हात पुढे आला आणि एक बोट रव्यातून फिरू लागले.

सासूबाईंनी नवे काही केले नव्हते. ती आपली जुनी धूळपाटीच होती. त्या दिवसापासून मात्र मी या धूळपाटीचा माग काढू लागले.

लहानपणीच अक्षर गिरवायला लावण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजपुत्राच्या शिक्षणाचा क्रम दिला आहे. त्यात चौलकर्म झाले की लिपी आणि संख्या शिकवावी असे सांगितले आहे. मुंजीनंतरचे शिक्षण पुढचे. पुढे घरोघर अक्षरारंभाचा संस्कार रूढ झाला तो साधारणपणे पाचव्या वर्षी. तबकात तांदूळ पसरायचे आणि वडीलधाऱ्याने मुलाचे बोट धरून त्यात पहिली अक्षरे उमटवायची. पंतोजींच्या शाळेत तांदळाच्या जागी धूळ आली. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि बोटाने वा काडीने अक्षर गिरवायचे. आधी ‘श्रीगणेशाय नमः’, मग ‘ॐ नमः सिद्धम्’. पहिल्यावरून आपण कामाचा श्रीगणेशा करतो, दुसऱ्यावरून ओनामा. म्हणजे ज्या मराठी माणसाने धूळपाटी डोळ्यांनी पाहिली नाही, त्याच्याही जिभेवर तिची धूळ आहेच.

मौज अशी की ‘श्री’ हे अक्षर आपल्या लिपीतले भलतेच वळणदार. तरी ते पहिल्या दिवशी गिरवायला देत, आणि ते जमून जाई. कारण धुळीला तीन गुण आहेत. तिच्यावर काही घट्ट पकडावे लागत नाही. अक्षर केवढेही मोठे काढता येते. आणि चूक तळहाताने पुसली की तिची खूणही राहत नाही. बोरू, शाई आणि कित्ता हे सारे मागाहून. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर पहिलाच समास खर्च केला आहे. ग्रंथाच्या आरंभीचे आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा. पण ती पोथ्या लिहिणाऱ्या प्रौढ हातांकडून आहे. ती साडेतीन वर्षांच्या मुठीकडून करणे हा आम्हां शहाण्यांचा शोध!

ही धूळ साता समुद्रांपलीकडेही गेली. मद्रासला लष्करातील अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. १७८९ साली अँड्र्यू बेल हा पाद्री तिचा प्रमुख झाला. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि हीच रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. त्याच्या हाताखालच्या मास्तरांना ती रुचली नाही, म्हणून त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर धाकट्यांचा वर्ग सोपवला. १७९७ मध्ये लंडनला बेलने या प्रयोगावर पुस्तक छापले, आणि इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत मुले वाळूवर अक्षरे गिरवू लागली.

परंतु जुने ते सगळेच सोने नव्हे. पंतोजींची छडी होतीच. शिवाय धूळ सर्वांच्या अंगणात असली, तरी धूळपाटी सर्वांच्या वाट्याला नव्हती. मनात येते, त्या काळी घरात सर्वांत तयार बोटे कुणाची? रोज पहाटे चिमटीतून रांगोळीची रेघ सोडणाऱ्या मुलींची. आणि बोरू नेमका त्यांनाच वर्ज्य! १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांनी काय गहजब केला ते सर्वश्रुत आहे. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या त्या अक्षरशत्रू होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच धुळाक्षरांपासून शिकवायला घेतले, तर घरातल्या वडील बायकांनीच त्यांचा छळ मांडला.

हात आधी का तयार करावा लागतो, याचा शास्त्रशुद्ध विचार केला तो इटलीच्या मारिया माँतेसोरी या डॉक्टरीणबाईंनी. मतिमंद मुलांच्या संस्थेत अकरा वर्षांच्या एका मुलीला काही केल्या शिवणातले रफू जमेना. बाईंनी सुई बाजूला ठेवून तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. ते साधल्यावर सुई पुन्हा हातात दिली, तो रफू आपसूक जमले! बाईंनी ताडले, की जे अक्षराच्या बाबतीत करायचे ते हेच. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले, खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांना त्यांवरून बोटे फिरवायला दिली. डिसेंबरातल्या एका दिवशी गच्चीवर त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडूने धुराडे काढायला सांगितले. ते काढता काढता तो एकदम ओरडला, ‘मला लिहिता येतं!’ आणि फरशीवर शब्दांमागून शब्द लिहू लागला. तोवर त्याला लिहायला कुणी बसवलेच नव्हते.

हा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला रुजवला. तेथून ताराबाई मोडकांनी तो मराठी मुलखात आणला. पण खेड्यात ती महागडी साधने कोण घेणार? १९४५ साली बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मांडली, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची साधने झाली. मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणांत नेली. आजच्या ‘अंगणवाडी’ या नावाचे मूळ तेथे आहे.

शरीरशास्त्रही सासूबाईंच्याच बाजूचे निघाले. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, मऊ असतात. तिसऱ्या वर्षी क्ष-किरणांत त्यांतली दोन-तीनच दिसतात. सगळी भरायला नऊ-दहा वर्षे तरी लागतात. तेव्हा घरी करायचे ते इतकेच: आधी चिमूट, मग रेघ, मग अक्षर. मटार सोलू द्यावेत, वाती वळू द्याव्यात, कणकेचा गोळा मळू द्यावा. फरशीवर खडूने उभ्या, आडव्या, गोल रेघा ओढू द्याव्यात. मग रव्यात ‘ग’, ‘म’, ‘भ’, ‘न’. म्हणजे अकारविल्हे नव्हे, वळणाने एकमेकांच्या नात्यातली अक्षरे. पेन्सिल सर्वांत शेवटी, आणि तीही मुलाने मागितली म्हणजे.

माझ्या धाकट्याने ती मागितली साडेपाचाव्या वर्षी. आता तो कॉलेजात जातो. अक्षर मोत्यासारखे नाही, पण लिहायला कंटाळत नाही. सासूबाई आता नाहीत. त्यांचे ते ताट मी फराळाच्या भांड्यांत मिसळू देत नाही. दिवाळीला भाचरे जमली म्हणजे रांगोळीचा डबा उघडा ठेवते आणि पोरांना अंगणात मोकळे सोडते. माझी रांगोळी बिघडते. बिघडू दे, एखाद्याचा ओनामा होत असेल.