आधी पोटासाठी, मग मनासाठी

विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाका उडून अधू झाले आणि त्यांचे शाळेचे शिक्षण थांबले. कुरुंदवाडच्या या मुलाला गाणे शिकायला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे धाडण्यात आले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मिरजेला निघालेल्या त्या मुलाच्या गाण्याला तेव्हा कोणी उपचार म्हटले नसते. शाळा सुटलेल्या मुलाने पुढे काय करायचे, एवढाच प्रश्न घरच्यांपुढे होता.

मराठी मुलखात अपंग मुलांच्या हाती कला आली ती बहुतेक याच वाटेने. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा 1885 मध्ये निघाली. 1900 साली अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. त्या काळच्या अशा शाळांत वेतकाम, विणकाम, शिवण आणि पेटी-तबला शिकवत, ते मूल पायावर उभे राहावे म्हणून. यात कमीपणा काहीच नव्हता. ज्या समाजात अंध माणसापुढे भिक्षेखेरीज फारसा मार्ग नव्हता, तिथे हातातले कसब म्हणजे मान होता. मात्र ज्याला कसब जमणार नाही, त्या मुलाचा विचार यात राहून गेला.

तो विचार दुसरीकडे सुरू झाला होता. रोममध्ये 1900च्या सुमारास मारिया माँटेसरी मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. खरखरीत-गुळगुळीत पट्ट्या, ठोकळे, रंगांच्या फळ्या अशा साधनांचा पाया त्या कामात होता. साधारण मुलांची शाळा नंतर, 1907 मध्ये आली. हीच पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी आपल्याकडे आणली. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाईंनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि गाणी वापरली. मराठी बालवाडी घडली ती अशी. पण ज्या मुलांच्या निमित्ताने ही पद्धत जन्मली, तीच मुले बहुतेक बालवाड्यांच्या दाराबाहेर राहिली. ही चूक मोठी होती आणि ती सुधारायला फार वेळ लागला. मुंबईत जय वकील शाळा 1944 साली निघाली, ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलीच्या आईवडिलांच्या धडपडीतून.

आज मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाटचा या इतिहासाशी संबंध नागपूरमार्गे येतो. हा मुलूख भोसल्यांचा. 1867 मध्ये जिल्हा झाला आणि मध्य प्रांतात नागपूरच त्याची राजधानी होती. 1949 साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारायला घेतले, तेव्हा वरोरा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाटची राजधानी भोपाळ झाली. लोकांच्या वाटा मात्र बदलल्या नाहीत. गोंदिया चाळीसेक किलोमीटरवर. मोठ्या दवाखान्यासाठी लोक अजूनही गोंदिया-नागपूरच गाठतात. सवलती आणि योजना मात्र आपापल्या राज्याच्या. मुलाची तपासणी एका राज्यात आणि त्याची शाळा दुसऱ्यात, अशी ओढाताण सीमेवरच्या आईबापांच्या वाट्याला येते.

आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा झाल्या, हातमाग आले आणि 2002 मध्ये डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग असलेले आणि कुष्ठरोगातून बरे झालेले कलाकार एकाच रंगमंचावर आले. इथे कला पोटापलीकडे गेली. माणसाने लोकांसमोर ताठ उभे राहावे, यासाठी ती आली.

विलायतेत या कामाला शास्त्राचे रूप गेल्या शतकाच्या मध्याला मिळाले. चित्रकार एड्रियन हिल यांनी 1942 मध्ये क्षयाच्या रुग्णांसंदर्भात ‘आर्ट थेरपी’ हे नाव वापरले. नॉर्डॉफ आणि रॉबिन्स यांनी 1959 पासून अपंग मुलांबरोबर संगीताचे काम केले. त्याचे तंत्र साधे आहे. मूल डफावर थाप मारते, समोरचा तशीच थाप परत देतो, मग मूल थांबून वाट पाहते. बोलण्याआधीची देवघेव इथे सुरू होते. बहिरे मूल ढोलाचा कंप तळहाताने घेते. मातीचा गोळा मळताना आखडलेली बोटे सैल होतात. स्वमग्न मुलांसाठीच्या संगीतोपचारावरील 26 अभ्यासांचा आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण सुधारणेची शक्यता वाढते असे आढळले.

बालाघाटसाठी यात एक गोष्ट फार मोलाची आहे. इथे घरात पोवारी, मराठी, गोंडी चालते आणि शाळेत हिंदी. बैहरकडच्या एखाद्या टोल्यावरून आलेल्या मुलाला अनोळखी भाषेतले गाणे आणखी एक परीक्षाच वाटेल. त्याला आजीचे गाणे हवे, गावच्या दंडारीचा ठेका हवा. वारासिवनीला हातमाग आहेत, कोष्ट्यांचे कसब आहे. रंगीत सूत मुलांच्या हाती द्यायला दूर जावे लागत नाही.

कायदाही आता या बाजूने आहे. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात स्वमग्नताही आली. त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये नृत्य, कलावर्ग आणि मैदानी शिबिरांत सहभाग मिळवून देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. बालाघाटच्या पालकांनी शाळेत प्रवेश मागताना मुलाच्या गाण्याचा आणि चित्रांचा तासही मागावा. तो त्याचा हक्क आहे.